लसीचा पुरावा मागायचा, पण नेमका कशासाठी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही लहान मुलांचं पाळणाघर चालवता. काही पालक म्हणतात, प्रत्येक मुलाचं आणि सांभाळणाऱ्या प्रत्येक ताईचं लसीकरणाचं कार्ड बघितल्याशिवाय कुणालाही आत घेऊ नका. दोन-तीन पालकांनी कार्ड आणलेलंच नाही. एका ताईंनी तर स्पष्ट सांगितलं की मी कोणती लस घेतली, कोणती नाही, हे सांगायला मी बांधील नाही. आणि तुम्ही विचारताय, लोकांना असा पुरावा दाखवायला लावणं योग्य आहे का? हो किंवा नाही सांगा.

मी लसीकरणाच्या कामात बरीच वर्षं आहे. बाळांची लसीकरण सत्रं घेतली, रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या लसींची जबाबदारी सांभाळली, आणि परदेशी जाणाऱ्यांना यलो फिव्हरची, म्हणजे पीतज्वराची, लस देऊन त्यांच्या प्रमाणपत्रांवर सह्याही केल्या. तिन्ही ठिकाणी पुरावा लागतो, पण तिन्ही ठिकाणी कारण निराळं असतं, आणि सगळं त्या कारणावर अवलंबून आहे. म्हणून माझं उत्तर असं: तुमच्या पाळणाघरात, ठरावीक आजारांपुरता, पुरावा मागणं योग्य आहे. सगळीकडे, सगळ्यांकडून, सगळ्या लसींचा मागणं योग्य नाही. आणि मागितलेल्या पुराव्याचं तुम्ही पुढे काय करता, हे मला मागण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

लस चांगली की वाईट, हा तुमचा प्रश्न नाही आणि माझ्या मनातही त्याबद्दल शंका नाही. देवीचा आजार जगातून गेला तो लसीमुळे. नैसर्गिकरीत्या लागण झालेला शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि १९८० मध्ये निर्मूलन जाहीर झालं. पण लस चांगली आहे एवढ्यावरून ती घेतल्याचा कागद दाखवण्याची सक्ती आपोआप योग्य होत नाही. मधे एक पायरी आहे. कागद मागणाऱ्याने सांगता यायला हवं, की या माणसाने लस घेतली नसेल तर या जागेतल्या दुसऱ्या कुणाला, कोणत्या आजाराचा, कसा धोका पोचतो. हे नीट सांगता आलं की मागणीला पाया मिळतो. सांगता आलं नाही, तर कितीही चांगल्या हेतूने केलेली असली तरी ती दुसऱ्याच्या खासगी गोष्टीत ढवळाढवळच असते.

पुरावा मागण्यामागे साधारण दोन हेतू असतात आणि वादात ते कायम एकमेकांत मिसळतात. एक, ही जागा सुरक्षित ठेवणं. दोन, लोकांनी लस घ्यावी म्हणून त्यांना रेटा देणं. १२ जुलै २०२१ रोजी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की उपाहारगृहं, लांब पल्ल्याच्या गाड्या वगैरेंसाठी कोविडचा आरोग्य पास, म्हणजे लस घेतल्याचा, चाचणीत संसर्ग नसल्याचा किंवा आजारातून बरं झाल्याचा पुरावा, लागेल. दुसऱ्या दिवसापर्यंत नऊ लाखांहून अधिक लोकांनी लसीसाठी वेळ घेतली. रेटा लागू पडतो, हे मी नाकारणार नाही. माझ्या अनुभवात अशा रेट्याने हलतात ते प्रामुख्याने ‘घेऊ कधीतरी’ म्हणणारे. ज्यांना मनापासून भीती वाटते किंवा आधी वाईट अनुभव आलेला आहे, ते हलत नाहीत. उलट आणखी दूर जातात. शिवाय रेटा देण्याचा अधिकार आणि जबाबदारी सरकारची. त्यासाठी कायदा लागतो, चर्चा लागते, न्यायालयात दाद मागण्याची सोय लागते. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी तो भार अंगावर घेऊ नये. तुमच्यापुरता पहिला हेतू पुरेसा आहे.

तो हेतू धरला की लगेच दिसतं, सगळ्या लसी सारख्या नाहीत. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, जखमेतून शरीरात जातो. एका माणसाकडून दुसऱ्याला तो लागत नाही. एखाद्या मुलाला धनुर्वाताची लस मिळाली नसेल तर मला त्या मुलाची काळजी वाटेल, त्याच्या आईवडिलांना बसवून मी समजावीन, पण शेजारच्या मुलाला त्यापासून काहीच धोका नाही. बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून, विशेषतः मेंदूच्या क्षयापासून, वाचवते; क्षयाचा फैलाव रोखण्यात तिचा वाटा फारसा नाही. या लसींचा पुरावा दारात मागण्यात अर्थ नाही.

गोवर मात्र अगदी दुसऱ्या टोकाला आहे. कुणाचंच संरक्षण नसलेल्या लोकसंख्येत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. आणि पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासूनच तो माणूस आजार पसरवत असतो, म्हणजे ‘ताप-पुरळ असलेलं मूल घरी ठेवा’ एवढा नियम पुरत नाही. लस मात्र उत्तम आहे. दोन डोसनंतर साधारण ९७ टक्के संरक्षण मिळतं. साथ रोखायची तर सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. पाळणाघरात तर अशी बाळं असतात ज्यांचं लसीचं वयच झालेलं नाही. कुठे गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात, कुठे वर्षाच्या सुमारास. त्याआधी त्या बाळाचं संरक्षण म्हणजे त्याच्या आजूबाजूची माणसं. त्या बाळाला ‘तुला धोका पत्करायचा आहे का’ असं विचारता येत नाही. पुरावा मागण्याचं याहून बळकट कारण माझ्याकडे नाही.

डांग्या खोकला या दोहोंच्या मधे बसतो. त्याची लस लहान मुलाला गंभीर आजारापासून वाचवते, पण तिचं संरक्षण काही वर्षांत उतरतं. मोठ्या माणसाला नुसता रेंगाळलेला खोकला असतो आणि त्याच्याकडून काही आठवड्यांच्या बाळाला जीवघेणा आजार होतो. म्हणून सांभाळणाऱ्या ताईंना बूस्टरबद्दल विचारणं योग्य. पण बूस्टर घेतलेली व्यक्ती आजार पसरवणारच नाही, अशी खात्री ती लस देत नाही. खोकला असताना बाळांपासून दूर राहण्याचा नियम त्यासाठी वेगळा लागतोच.

कोविडच्या पासचं हेच झालं. सुरुवातीच्या लसी लागण होण्याचीच शक्यता बऱ्याच प्रमाणात कमी करत होत्या, तेव्हा पासमागे तर्क होता. मग नवे प्रकार आले, दिवस गेले तसं संरक्षणही उतरलं. गंभीर आजारापासून बचाव बराच टिकला, पण लस घेतलेली माणसंही संसर्ग देऊ लागली. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून डिजिटल प्रमाणपत्र सुरू केलं, फेब्रुवारी २०२२ पासून पहिल्या डोसमालिकेची वैधता प्रवासासाठी २७० दिवसांवर आणली, आणि ३० जून २०२३ नंतर ही व्यवस्था थांबली. लस खोटी निघाली म्हणून हे झालं, असं काही जण म्हणतात. ते बरोबर नाही. त्या लसीने असंख्य जीव वाचवले. पण ‘लस घेतली’ आणि ‘याच्यापासून दुसऱ्याला धोका नाही’ यांतलं अंतर वाढत गेलं, आणि पासचा आधार तेवढाच होता.

आता उलट उदाहरण. पीतज्वर श्वासातून पसरत नाही, डासातून पसरतो, तरी सीमेवर त्याचं प्रमाणपत्र मागतात, ते का? कारण ज्या डासातून तो शहरात पसरतो तो एडिस डास अशा अनेक देशांत आहे जिथे हा आजार मुळीच नाही. एक आजारी प्रवासी उतरला, तिथल्या डासाने त्याला चावलं, की आजार त्या देशात पाय रोवू शकतो. म्हणून आजार असलेल्या देशातून येणाऱ्याकडे प्रमाणपत्र मागायचं. लस दिल्यानंतर दहा दिवसांनी ते वैध होतं, कारण संरक्षण तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, कारण एका डोसचं संरक्षण दीर्घकाळ टिकतं असं दिसून आलं. नियमातला प्रत्येक आकडा लसीच्या गुणधर्मातून आलेला आहे. मला हा नियम म्हणूनच आवडतो. तुमच्या पाळणाघराचा नियमही असाच असावा, की कुणी ‘हे का?’ विचारलं तर उत्तर आजाराच्या आणि लसीच्या स्वभावातून देता यावं.

ताईंच्या म्हणण्याकडे वळण्याआधी थोडं मागे जाऊ, कारण ही तक्रार जुनी आहे आणि तिला क्षुल्लक समजू नये. ब्रिटनमध्ये १८५३ च्या कायद्याने बाळांच्या देवी काढणं सक्तीचं झालं, १८६७ मध्ये कायदा आणखी कडक झाला आणि न ऐकणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दंड होऊ लागला. दंडाचा भार गरिबांवर सगळ्यात जास्त पडला. १८८५ मध्ये लेस्टर शहरात सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला आणि शेवटी १८९८ च्या कायद्यात सदसद्विवेकाच्या कारणाने सूट मिळण्याची तरतूद आली. लेस्टरमध्ये आणखी एक गोष्ट झाली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथल्या आरोग्य खात्याने रुग्णाची तत्काळ नोंद, त्याचं विलगीकरण आणि संपर्कातल्या लोकांवर लक्ष, यावर भर दिला. पुढे देवी निर्मूलनाच्या मोहिमेतही रुग्ण शोधायचा आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना लस द्यायची, ही पद्धत निर्णायक ठरली. लेस्टरचे लोक लसीच्या सक्तीविरुद्ध होते आणि मोहीम तर लसीवरच उभी होती. पण रुग्णाभोवती कोण कोण आहे हे पटकन कळणं, हे दोन्हींतलं समान सूत्र. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

न्यायालयांनीही एकसुरी उत्तर दिलेलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये जेकबसन खटल्यात देवीची लस न घेतल्याबद्दलचा पाच डॉलरचा दंड वैध ठरवला; दंड वैध ठरवला, बळजबरीने टोचणं नव्हे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी म्हटलं, की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, स्वतःच्या शरीरावरचा अधिकार हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणबद्ध अटी घालू शकतं. आणि त्या वेळी कोविडची लस न घेतलेल्यांवर असलेली बंधनं प्रमाणबद्ध नाहीत, कारण लस न घेतलेल्यांकडून संसर्गाचा धोका घेतलेल्यांपेक्षा जास्त आहे हे दाखवणारी माहिती न्यायालयासमोर आलेली नव्हती.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा आहे, ८ एप्रिल २०२१ चा, चेक प्रजासत्ताकातला. तिथे लसी न दिलेल्या मुलांना बालवाडीत प्रवेश नाकारला होता आणि पालकाला दंड झाला होता. न्यायालयाने हे खासगी जीवनाच्या हक्काचं उल्लंघन मानलं नाही. पण तिथला नियम शाळापूर्व वयापुरताच होता. ती मुलं सक्तीच्या शिक्षणाच्या वयात आली की शाळा त्यांना खुली होती. हा भेद मला फार पटतो. ज्या वयात बाळं सगळ्यात असुरक्षित, त्याच वयापुरती अट, आणि मुलाचं शिक्षण तोडायचं नाही. तुमच्याकडे लागू असलेला कायदा काय म्हणतो हे मात्र तुम्ही स्थानिक पातळीवर विचारून घ्या. प्रत्येक देशात, कधी प्रत्येक राज्यात, तो वेगळा असतो.

आता ज्यांनी कार्ड आणलं नाही त्या दोन-तीन पालकांबद्दल. इथे तुम्हाला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कार्ड नसणं म्हणजे लसीला विरोध असणं, असं समजू नका. सत्राला येणाऱ्या ज्या आईबापांकडे कार्ड नसतं त्यांच्यातले बहुतेक जण लसीच्या विरोधात नसतात. घर बदललेलं असतं आणि कार्ड जुन्या घरी राहिलेलं असतं. मूल नेमकं त्या दिवशी तापाने फणफणलेलं असतं आणि पुढची तारीख कुणी दिलेली नसते. रोजंदारी बुडवून रांगेत उभं राहणं परवडलेलं नसतं. आईला वाटतं सगळं झालं, आणि शेवटचा डोस राहिलेला असतो. ‘कार्ड नाही तर प्रवेश नाही’ असा फलक लावला की आधी गळतात ती हीच मुलं. ठाम विरोधक कुठून तरी कागद पैदा करतो.

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या छोट्या बेटांच्या देशाचं उदाहरण बघा. २०१८ मध्ये लस चुकीच्या औषधात मिसळली गेल्याने दोन बाळं दगावली. लसीकरण कित्येक महिने थांबलं, लोकांचा विश्वास उडाला, आणि गोवराच्या पहिल्या डोसचं प्रमाण ३१ टक्क्यांपर्यंत घसरल्याचा अंदाज होता. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, गोवराची साथ आली. सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात पाच हजार सातशेहून अधिक जणांना गोवर झाला आणि ८३ जण मेले, त्यांतली बहुतेक लहान मुलं. सरकारने लस सक्तीची केली, पण लसीकरणाचं प्रमाण वर गेलं ते कशाने? डिसेंबरात दोन दिवस सरकारी कामकाज बंद ठेवून पथकं घरोघर गेली. ज्या घरी लस द्यायची आहे त्यांनी दाराबाहेर लाल कापड लावायचं, एवढंच. लोकांना त्यांच्या अडचणीसकट शोधून लस त्यांच्या दारात नेली. सक्ती होती, पण काम केलं ते सोयीने. म्हणून पुरावा मागणाऱ्यावर मी एक जबाबदारी टाकते: ज्याच्याकडे पुरावा नाही त्याला लस कुठे, कधी, कशी मिळेल हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी मुदत दिली पाहिजे. नुसतं अडवणं म्हणजे अर्धंच काम.

पुराव्याबद्दल आणखी एक व्यावहारिक गोष्ट. कार्ड म्हणजे संरक्षण नव्हे. कार्ड सांगतं की अमुक दिवशी डोस दिला. रुग्णालयात आम्ही हेपॅटायटिस बीच्या बाबतीत यापुढे जातो: तीन डोस झाल्यावर एक-दोन महिन्यांनी रक्तात प्रतिपिंडं पुरेशी आहेत का, हे तपासतो. कारण निरोगी प्रौढांमध्येही काही जणांना तीन डोसनंतर पुरेसं संरक्षण तयार होत नाही. त्यांना पुन्हा डोसमालिका देतो, आणि तरीही तयार झालं नाही तर ते नोंदवून ठेवतो. या नोंदीचा खरा उपयोग प्रवेशाच्या दिवशी नसतो. एखाद्या रात्री परिचारिकेला वापरलेली सुई टोचते, तेव्हा नोंदवही उघडून पाच मिनिटांत कळतं, की हिला काहीच करायला नको, की लगेच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यायला हवं.

आणि बनावट पुरावे. देवीच्या काळात अमेरिकेत दंडावरचा वण पुरावा म्हणून बघत, तर काहींनी नायट्रिक आम्लाने कातडी भाजून वण तयार केले. आमच्या केंद्रावरही दोन दिवसांनी विमान असलेला प्रवासी येतो आणि मागची तारीख टाकून द्या म्हणून गळ घालतो. मी कधीही टाकत नाही, आणि का टाकत नाही ते सांगते: ते दहा दिवस त्याच्या शरीराला लागतात, माझ्या शाईला नाही. कॅलिफोर्नियात २०१५ च्या कायद्याने शाळेसाठी वैयक्तिक मतावर आधारित सूट काढून टाकली, तर पुढच्या वर्षांत वैद्यकीय सवलतींचं प्रमाण वाढलं आणि २०१९ मध्ये त्यासाठी आणखी एक कायदा करावा लागला. जितका कागदावर जोर, तितका कागद बनवण्यावर जोर. पाळणाघरात पालक आणि तुमच्यात विश्वास असेल तर खोटं कार्ड कुणी आणणार नाही, आणि ‘दुसरा डोस राहिलाय हो’ असं मोकळेपणाने सांगेल. मला ते प्रामाणिक उत्तर खोट्या कार्डापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

कशासाठी उपयोगाचं, तेच आता सांगते. समजा, तुमच्या पाळणाघरातल्या एका मुलाला गोवर निघाला. त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. संपर्कात आल्यापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. ज्यांना लस देता येत नाही, म्हणजे अगदी लहान बाळं, प्रतिकारशक्ती खालावलेली मुलं, गरोदर स्त्रिया, त्यांना सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देण्याचा विचार होतो. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळांनाही अशा वेळी जादा डोस देता येतो. तो त्यांच्या नेहमीच्या वेळापत्रकात धरत नाहीत. आणि ज्यांना यातलं काहीच मिळालं नाही त्यांना शेवटच्या संपर्कानंतर २१ दिवस घरी ठेवावं लागतं. मुलाला पुरळ आला तेव्हा संपर्काचे काही दिवस आधीच उलटून गेलेले असतात. अशा वेळी तुमच्याकडे यादी तयार असेल, कुणाचे किती डोस झालेत, कोण वयाने लहान आहे, कुणाला वैद्यकीय कारण आहे, तर आरोग्य विभागाचा माणूस तासाभरात कामाला लागतो. यादी नसेल तर पहिला दिवस फोन करण्यात आणि ‘कार्ड बघून सांगतो’ ऐकण्यात जातो. तुम्ही पुरावा मागावा असं मी म्हणते, ते मुख्यतः या दिवसासाठी.

आतापर्यंतचं थोडक्यात: पुरावा मागायचा तो त्याच आजारांचा, जे तुमच्या खोलीत एकाकडून दुसऱ्याला जातात आणि लस ज्यांना बऱ्यापैकी रोखते. ज्यांच्याकडे नाही त्यांना लसीपर्यंत पोचवायचं. आणि माहिती साथीच्या दिवसासाठी हाताशी ठेवायची.

तुमच्या जागी मी काय करेन? मुलांच्या बाबतीत गोवर-रुबेला किंवा एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस) आणि डांग्या खोकल्याचा घटक असलेली लस, वयाप्रमाणे किती डोस झाले, एवढंच विचारेन. कांजिण्यांची लस तुमच्या भागातल्या वेळापत्रकात असेल तर तीही. कार्ड बघायचं, तारखा लिहून घ्यायच्या, कार्ड परत द्यायचं. त्याचा फोटो काढून पालकांच्या गटावर टाकायचा नाही. कोण राहिलंय हे इतर पालकांना सांगायचं नाही, त्यांनी कितीही आग्रह धरला तरी. कार्ड हरवलं असेल तर जिथे लस दिली तिथली नोंदवही बघायला सांगा. कुठेच नोंद सापडली नाही तर डोस झाला नाही असं धरून पुन्हा देतात. गोवराच्या लसीचा एखादा डोस जास्त झाल्याने अपाय होत नाही. राहिलेला डोस उशिरा घेतला म्हणून सगळी मालिका पहिल्यापासून करावी लागत नाही, हेही पालकांना आवर्जून सांगा. बरेच जण याच भीतीने येत नाहीत.

ज्या मुलाला वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही, उदाहरणार्थ कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्याला पुराव्याच्या नियमातून सूट तर द्याच, पण लक्षात घ्या की बाकीच्यांकडून आपण पुरावा मागतो तो अशाच मुलासाठी.

ताईंचं म्हणणं मी गांभीर्याने घेईन. मोठ्या माणसाने न सांगण्यामागे लसीच्या विरोधाशिवाय पुष्कळ कारणं असू शकतात. गोवराची लस जिवंत विषाणूपासून केलेली असते, ती गरोदरपणात देत नाहीत; गरोदर असल्याचं त्यांना अजून कुणाला सांगायचं नसेल. प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल, किंवा जो आजार कामाच्या ठिकाणी कळला तर नोकरी जाईल असं वाटतं, तो असेल. म्हणून त्यांना चारचौघांत विचारू नका. एकट्यात बसवा आणि दोन पर्याय द्या: गोवराचे डोस किंवा संरक्षण असल्याची नोंद, नाहीतर ‘यांना ही लस देता येत नाही’ एवढंच लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. कारण चिठ्ठीत नको. चिठ्ठी आणली तर त्यांना काही काळ मोठ्या मुलांच्या गटात काम द्या आणि गोवराचा रुग्ण निघाला तर लगेच घरी पाठवायचं ठरवून ठेवा, पगार न कापता. लसीचा खर्च आणि त्यासाठीची सुट्टी तुमच्याकडून. अट तुमची असेल तर तिचा बोजा त्यांच्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि एखादे पालक सगळं ऐकूनही नाही म्हणाले तर? इथे परिस्थिती बघावी लागेल. तुमच्याकडे वर्षाच्या आतली बाळं असतील, जवळपास गोवराचे रुग्ण निघत असतील, तर त्या मुलाला तूर्त प्रवेश नाकारणं मला योग्य वाटतं, आणि तो नियम आधीच लेखी असावा. मुलं सगळी मोठी असतील, बाकी सगळ्यांचे डोस पूर्ण असतील आणि आसपास साथ नसेल, तर मी त्या मुलाला घेईन. पालकांकडून एवढं लिहून घेईन की रुग्ण निघाला तर २१ दिवस मूल घरी ठेवू. दर काही महिन्यांनी पुन्हा विचारत राहीन. मूल तुमच्या नजरेसमोर असेल तर आईशी रोज दोन शब्द बोलता येतात. माझ्याकडे पहिल्या भेटीत नाही म्हणून गेलेल्या कितीतरी आया नंतर स्वतःहून आल्या, आणि त्या आल्या कारण पहिल्या भेटीत त्यांना कुणी अपमानित केलं नव्हतं.

तुमच्याकडे सध्या किती बाळं वर्षाच्या आतली आहेत आणि किती मुलांचे दुसरे डोस राहिलेत, हे कळलं तर नियमाचा मसुदा कसा लिहायचा ते नेमकं सांगता येईल. तोवर एक काम करून ठेवा: तुमच्या भागात गोवराचा संशयित रुग्ण निघाला तर कुणाला कळवायचं, तो फोन नंबर शोधून यादीच्या पहिल्या पानावर लिहा.